नव्या आऊटबोर्ड जोडीनंतर बोट मंद का होते, आणि पंखा कसा निवडायचा

मे अखेरीस बोटी वर ओढल्या जातात, पावसाळ्यात कर्जाचे कागद फिरतात, गणपतीच्या आगेमागे नवी मशीनं, म्हणजे बोटीमागे बाहेरून लटकणारी आऊटबोर्ड इंजिनं, ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) चढतात. मग पर्यटनाचा हंगाम उघडला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर तीच तक्रार पुन्हा ऐकू येते: "मशीन नुसता बोंबालता, होडी काय पळना नाय." तिचा दुसरा अवतार बरोबर उलटा असतो. मशीन बोंबलत नाही, पण थ्रॉटल पार टेकवलं तरी आरपीएमचा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा पाच हजारांच्या आसपास अडकून बसतो. ४० एचपीची टू-स्ट्रोक जोडी काढून ६० ची फोर-स्ट्रोक जोडी घातलेली असते, एकूण चाळीस घोडे वाढलेले असतात, आणि दहा माणसं बसली की बोट पूर्वीपेक्षा जड चालते. मालक विक्रेत्याला धरतो, विक्रेता पेट्रोलला धरतो, आणि पाण्यातला पंखा, म्हणजे प्रोपेलर, तसाच फिरत राहतो.

बहुतेक वेळा मूळ कारण एकच निघतं. जुना पंखा नव्या मशीनला चढवलेला असतो, किंवा खोक्यातून मशीनसोबत आलेला पंखा 'कंपनीचाच आहे' म्हणून तसाच ठेवलेला असतो.

जुना पंखा चढतो, हीच तर मेख आहे. यामाहाच्या पंख्यावर व्यास आणि पिच (पिचचा अर्थ पुढे येतो) यांच्यापुढे एक अक्षर असतं. उदाहरणार्थ ११ ३/८ गुणिले १२ आणि पुढे 'जी'. हे अक्षर पंखा कोणत्या गिअरकेसच्या, म्हणजे मशीनच्या खालच्या टोकाच्या गिअरपेटीच्या, घराण्यातला आहे ते सांगतं. 'जी' घराण्याचे पंखे ४० ते ६० एचपीच्या बऱ्याच मशीनना बसतात, 'के' घराण्याचे त्याहून मोठ्या गिअरकेसना. त्यामुळे ४० चा पंखा ६० च्या शाफ्टवर बिनतक्रार बसतो, नट घट्ट होतो, कॉटर पिन जाते, आणि काम झालं असं सगळ्यांना वाटतं. दाते जुळले एवढंच त्यातून सिद्ध होतं. पंखा त्या मशीनला झेपतो का आणि त्या वजनाला पुरतो का, हे फक्त समुद्रात कळतं.

गिअर बदलला की पिचचा अर्थ बदलतो

पंख्याचा पहिला आकडा व्यास, दुसरा पिच. पाणी अजिबात सरकलं नसतं तर एका फेऱ्यात पंखा जितके इंच पुढे गेला असता, ती त्याची पिच. पण पंख्याचा फेरा म्हणजे इंजिनाचा फेरा नव्हे. मधे गिअर असतो. यामाहा एफ६० चा गिअर १.८५ आहे, म्हणजे इंजिन १.८५ वेळा फिरतं तेव्हा पंखा एकदा फिरतो. मर्क्युरीच्या साध्या ६० फोर-स्ट्रोकला तो १.८३ आहे आणि त्याच ६० च्या कमांड थ्रस्ट, म्हणजे मोठ्या गिअरकेसच्या, प्रकाराला २.३३. ११५ मध्येही हेच दिसतं: मर्क्युरी २.०७ आणि कमांड थ्रस्ट २.३८, यामाहा एफ११५ ला २.१५, सुझुकी डीएफ११५ए ला तर २.५९. एचपी सगळ्यांचा एक, पण शेजारच्या बोटीचा पंखा तुमच्या बोटीला लागू पडेल याची कसलीही खात्री नाही. 'त्याच्या बोटीला १३ पिच मस्त चालते' हे वाक्य ऐकलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, त्याचं मशीन कुठलं आणि गिअर किती?

दुसरा बदल फेऱ्यांचा. ४० ची कामाची टू-स्ट्रोक मशीनं पूर्ण थ्रॉटलवर साधारण ४५०० ते ५५०० फेऱ्यांसाठी बनलेली असतात. एफ६० साठी हा पट्टा ५००० ते ६००० आहे. वर्षानुवर्षं ज्या तांडेलाचा (बोट चालवणाऱ्याचा) कान ४८०० ला सरावलाय, त्याला ५८०० चा आवाज म्हणजे मशीन फुटायला आलंय असं वाटतं, आणि तो हात आखडता घेतो. फोर-स्ट्रोकला ते फेरे हवेच असतात. ताकद तिथेच आहे. मॅन्युअलमधला हा पट्टा शोधून डॅशबोर्डवर मार्करने लिहून ठेवा, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावरच होणार आहे.

पंखा भारी पडला, म्हणजे पिच जास्त झाली, की भरलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये आंबोली घाट चढवावा तशी मशीनची गत होते. थ्रॉटल उघडं, पेट्रोल चाललंय, फेरे मात्र वर येत नाहीत. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, कार्बन साठतो, पेट्रोल जास्त लागतं. लोक याला 'मशीन आरामात चालतं' म्हणतात, कारण आवाज कमी असतो. नव्या मशीनचं आयुष्य खाणारा प्रकार हाच आहे. पिच कमी पडण्यापेक्षा तो वाईट, कारण पिच कमी पडली तर फेरे मर्यादेबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर निदान मशीन अडखळवून सांगतो तरी. भारी पंखा काहीच सांगत नाही.

पंख्याला दोष देण्याआधी खोटे आकडे बाहेर काढा

पंखा बदलूनही तक्रार परत येते, याचं कारण बहुधा इथे दडलेलं असतं. चुकीच्या आकड्यावरून बरोबर पंखा कुणालाच निवडता येत नाही.

पहिला संशयित टॅकोमीटर, म्हणजे फेरे दाखवणारं घड्याळ. मशीन नवं आणि डॅशवरचं जुनं घड्याळ तेच, असं असेल तर त्याच्या मागची सेटिंग पाहा. तिथे एक छोटा फिरवायचा स्विच असतो, अल्टरनेटरच्या पोलच्या (चुंबकी ध्रुवांच्या) संख्येनुसार तो लावायचा असतो. नव्या मशीनचा अल्टरनेटर १२ पोलचा आणि घड्याळ १० वर राहिलं, तर मशीन ५००० वर असताना काटा ६००० दाखवतो. मालक खूश असतो आणि मशीन ओझ्याखाली मरत असतं. घड्याळावर विश्वास नसेल तर मेकॅनिकच्या लॅपटॉपवर मशीनच्या कॉम्प्युटरचे फेरे पाहा. जोडी असेल तर दोन घड्याळं आपापसात बदलून बघणं हा फुकटचा इलाज आहे. फरक घड्याळाबरोबर सरकला तर दोष घड्याळाचा.

दुसरा, थ्रॉटलची केबल. जुना कंट्रोल बॉक्स आणि जुनी केबल ठेवून मशीन बदललं की हातातला दांडा पूर्ण पुढे गेला तरी मशीनवरचा थ्रॉटलचा हात शेवटच्या खुंटीला टेकत नाही. मशीन बंद ठेवून एकाने दांडा पूर्ण पुढे ढकलायचा, दुसऱ्याने झाकण काढून पाहायचं. मधे थोडीशी फट दिसली तरी केबल जुळवून घ्या. दोन मशीनपैकी एकच कमी फेरे घेत असेल तर इथूनच सुरुवात करा.

तिसरं पेट्रोल. जुनी टाकी, जुनी नळी, जुना हाताने दाबायचा फुगा, आणि पुढे फोर-स्ट्रोक इंजेक्शनचं मशीन, ही जोडणी फार वेळा दिसते. पेट्रोल कमी पडतंय आणि पंखा भारी आहे, या दोन्हींत फेरे कमीच दिसतात, पण वागणं वेगळं असतं. पंखा भारी असेल तर फेरे एका आकड्यावर जाऊन तिथेच स्थिर राहतात. पेट्रोल कमी पडत असेल तर फेरे आधी वर जातात आणि काही सेकंदांनी किंवा मिनिटाभराने ढासळतात. पूर्ण थ्रॉटलवर असताना कुणीतरी फुगा दाबून पाहावा. फेरे वाढले तर पंख्याचा विचार बाजूला ठेवून नळी, फिल्टर, टाकीचा श्वास (हवा आत घेणारं भोक) हे आधी बघा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. खाऱ्या हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत ते महिनाभर ठेवून वर पाणी वेगळं करणारा फिल्टर नसेल, तर मशीन रुसणारच.

बोटीचं बूड सांगायला नको, पण सांगतो. खाडीत बांधून ठेवलेल्या बोटीला कालवं आणि शेवाळ धरायला फार वेळ लागत नाही, आणि त्या थराने शेकडो फेरे खाल्ले जातात. बूड घासल्याशिवाय घेतलेली चाचणी बाद समजा.

मशीन किती उंचीवर बसलंय

पंख्याच्या वर जी आडवी चकती असते, जिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती बोटीच्या बुडाच्या पातळीला किंवा किंचित वर असावी हा सुरुवातीचा नियम. एका मशीनला तो सरळ लागू होतो. जोडीत गडबड होते, कारण व्ही आकाराच्या बुडात मधल्या कण्यापासून बाजूला सरकाल तसं बूड वर चढतं. बुडाचा कोन १८ अंश असेल आणि मशीन मध्यापासून १४ इंच बाजूला असेल, तर त्या जागी बूड कण्यापेक्षा साडेचार इंच वर असतं. उंची मोजायची ती त्या जागेवरच्या बुडापासून. मध्यावरून मोजून बसवलेली जोडी साडेचार इंच जास्त बुडते, मागे पाण्याचे फवारे उडवते आणि वेग खाते. त्यावर कितीही महागडा पंखा लावला तरी फारसा उपयोग होत नाही.

उलट मशीन फार वर असेल तर वळणावर किंवा लाटेत पंखा हवा ओढतो. फेरे एकदम उडतात, धक्का नाहीसा होतो, थ्रॉटल कमी केलं की पुन्हा पकड येते. बोल्टच्या भोकांत साधारण पाऊण इंचाचं अंतर असतं, त्यामुळे एकेक भोक खाली आणून बघता येतं. सरळ जातानाही हवा ओढत असेल तर पंख्याच्या पुढे बुडावर काय बसवलंय ते पाहा. फिश फाइंडरचा सेन्सर नव्या मशीनच्या नेमका समोर आलेला असतो आणि तो बुडबुड्यांची रांग थेट पात्यांवर सोडत असतो. पूर्वी एक मशीन मधोमध होतं आणि आता दोन झाली, अशा बोटीत हे हमखास होतं. सेन्सर हलवा, पंखा नका बदलू.

वजनाचंही भान ठेवा. ४० ची टू-स्ट्रोक सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या घरात असते, फोर-स्ट्रोक ६० शंभराच्याही पुढे जाते. जोडीचा फरक म्हणजे मागच्या टोकाला जवळजवळ एक माणूस कायमचा उभा. बोट मागे बसली की पाण्यावर उठायला तिला जास्त धक्का लागतो. बॅटऱ्या आणि पेट्रोलची टाकी जमेल तितकी पुढे सरकवली तर बराच फरक पडतो, आणि तोही पंख्याला हात न लावता.

चाचणी

नव्या मशीनचे पहिले दहा तास रनिंग-इनचे असतात. त्या काळात पूर्ण थ्रॉटलवर ताणायचं नसतं. मॅन्युअलमध्ये तासांप्रमाणे कोष्टक दिलेलं असतं, ते पाळा. म्हणून पंख्याची चाचणी पहिल्याच दिवशी, विक्रेता जेटीवर उभा असताना घेऊ नका. घेतलीत तरी तिच्यावर विसंबू नका.

चाचणीत वजन खरं असावं. स्कूबाची बोट असेल तर भरलेले सिलिंडर चढवा. ८० घनफुटी अॅल्युमिनियम सिलिंडर भरला की १६-१७ किलो होतो, म्हणजे बारा सिलिंडर ठेवले की दोनशे किलो झाले आणि अजून एकही पर्यटक चढलेला नाही. माणसं मिळाली नाहीत तर पाण्याचे कॅन भरून ठेवा. रिकाम्या बोटीवर दोघांनी फेरी मारून निवडलेला पंखा दिवाळीच्या गर्दीत दगा देतो.

मग सपाट पाणी बघून पूर्ण थ्रॉटल द्या. ट्रिम, म्हणजे मशीनचा कोन बदलायची सोय, असेल तर वेग वाढतोय तोवर मशीन हळूहळू बाहेर घ्या, पंखा हवा ओढायला लागला की किंचित आत. त्या जागी फेरे आणि जीपीएसचा वेग लिहा. त्याच रेषेवर उलट दिशेने परत या आणि सरासरी काढा. कर्लीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी एकाच दिशेने घेतलेला वेग म्हणजे निम्मा नदीचा असतो. बोट थांबलेली असताना थ्रॉटल दिल्यापासून ती पाण्यावर उठेपर्यंत किती सेकंद लागले तेही लिहा. प्रवासी बोटीला कमाल वेगापेक्षा हा आकडा जास्त कामाचा आहे.

हवामानाचा एक बारीकसा हिशेब असतो. मे महिन्याच्या दमट उकाड्यात मशीनची ताकद कमी होते, त्यामुळे जानेवारीच्या सकाळी मिळालेल्या फेऱ्यांतले शंभरेक गळू शकतात. अगदी काठावर बसणारा पंखा निवडला असेल तर उन्हाळ्यात तो पट्ट्याबाहेर पडतो.

आकडे वाचून पिच ठरवणं

पट्टा ५००० ते ६००० असेल तर रोजच्या ओझ्यावर ५७०० ते ५९०० मिळावेत, असा माझा आग्रह असतो. पट्ट्याच्या तळाशी ५१०० मिळाले तर मॅन्युअलच्या भाषेत ते 'बसतं', पण त्या दिवशी चार माणसं जास्त बसली, बुडाला शेवाळ धरलं, की तुम्ही पट्ट्याखाली गेलातच.

पिच एक इंचाने कमी केली की फेरे साधारण १५० ते २०० वाढतात, वाढवली की तेवढेच कमी होतात. व्यासाचा परिणाम आणखी तीव्र: एक इंच व्यास म्हणजे जवळपास दोन-तीन इंच पिचइतका फरक. तीन पात्यांवरून चार पात्यांवर गेलात आणि पिच तीच ठेवलीत तर फेरे थोडे उतरतात, म्हणून चार पात्यांचा पंखा घेताना पिच निदान एक इंच कमी धरावी.

एक हिशेब मांडू. समजा २६ फुटी फायबर बोट, दोन एफ६०, गिअर १.८५, जुना १३ पिचचा पंखा. खऱ्या ओझ्यावर फेरे ५३०० आणि वेग २१ नॉट. पंखा अजिबात न घसरता किती वेग देईल ते काढायला फेरे गुणिले पिच, भागिले गिअर, आणि पुन्हा भागिले १२१५. किलोमीटर हवे असतील तर १२१५ ऐवजी ६५६. इथे उत्तर येतं सुमारे ३०.६ नॉट. प्रत्यक्षात २१, म्हणजे ३१ टक्के घसरण. आता ४०० फेरे वाढवायचे म्हणून पिच दोन इंच उतरवून ११ घेतली आणि ५७०० फेऱ्यांवर २२ नॉट मिळाले, तर कागदावरचा वेग २७.९ आणि घसरण २१ टक्के. पिच कमी केली आणि वेग एका नॉटने वाढला. 'मोठी पिच म्हणजे जास्त वेग' हे फक्त मशीन ती पिच ओढू शकत असेल तेव्हाच खरं.

घसरण शून्य कधीच नसते. हलक्या, वेगवान बोटीला दहा-पंधरा टक्के चांगले, ओझ्याच्या कामाच्या बोटीला वीस-पंचवीस चालतात. फेरे वर सांगितल्याप्रमाणे ५७०० ते ५९०० आहेत आणि तरी घसरण तीसच्या पुढे असेल तर पिच बदलून काही होणार नाही. पाण्याला पकडणारं क्षेत्र कमी पडतंय. तिथे चार पाती किंवा मोठा व्यास हवा. मागे जड झालेल्या बोटीला चार पाती आणखी एका कारणाने बरी: ती मागचा भाग उचलून धरतात, बोट कमी वेगातही पाण्यावर टिकते आणि खाडीच्या मुखाशी लाटेत पकड सुटत नाही. कमाल वेगातला एखादा नॉट जातो. डॉल्फिन दाखवायला निघालेल्या बोटीने त्याची फिकीर करू नये.

खरं सांगायचं तर जड बोटीची निवड पंख्याच्या दुकानात नव्हे, मशीनची ऑर्डर देतानाच व्हायला हवी. ११ इंच पिच १.८३ गिअरवर जे काम करते तेच २.३३ वर १४ इंच पिच करते. पंखा हळू फिरतो, म्हणून मोठा घालता येतो. साडेअकरा इंच व्यासाच्या जागी १४ इंच व्यास म्हणजे पंख्याच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ जवळपास दीडपट. यामाहाचं टी६० आणि मर्क्युरीचं कमांड थ्रस्ट याच कामासाठी आहेत. दहा-बारा माणसं आणि सिलिंडर रोज वाहणाऱ्या बोटीला तेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. साधं गिअरकेस स्वस्त पडतं आणि गोदामात तयार असतं म्हणून माथी मारलं जातं, आणि मग पंख्यांवर पैसे जात राहतात.

सकाळी दोघं आणि दुपारी दहा जण असा प्रकार असेल तर पंखा दहा जणांसाठी निवडा. हलक्या फेरीला ६००० च्या वर जायला लागलं तर तांडेलाने थ्रॉटल जरा मागे घ्यायचं. जड फेरीला मात्र तांडेलाच्या हातात असं काहीच नसतं.

फेरे चढतात, बोट जात नाही

सुरुवातीची मालवणी तक्रार ही. वर सांगितलेली हवा ओढण्याची गोष्ट तपासून झाली असेल तर रबरी हब पाहा. पंख्याच्या मधल्या नळकांड्यात रबराचं किंवा प्लॅस्टिकचं हब असतं. पातं खडकावर आपटलं तर गिअर वाचावेत म्हणून ते घसरतं. एकदा घसरलं की पुढे जोर पडला की पुन्हा घसरतं: हळू चालवताना सगळं ठीक, थ्रॉटल दिलं की फेरे आकाशात. जुना पंखा नव्या, जास्त ताकदीच्या मशीनला लावला की म्हातारं हब याच क्षणी हार मानतं. ओळखायचं सोपं आहे. आतल्या हबपासून बाहेरच्या नळकांड्यापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा, एक जोरदार फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली तर हब गेलं. बदलता येणारं हब असेल तर तेवढंच बदला, पंखा टाकू नका.

खरं कॅव्हिटेशन वेगळं. पात्यामागे दाब इतका कमी होतो की पाणी उकळल्यासारखे वाफेचे बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातू खातात. पात्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे दिसले तर ते. पातं वाकलेलं किंवा कडेला फुटलेलं असतं तेव्हा हे होतं. अशा पंख्याने घेतलेले आकडे निवडीसाठी वापरू नका, आधी दुरुस्त करून घ्या.

जोडीच्या भानगडी

दोन्ही पंखे एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, एकाच धातूचे असावेत. एका बाजूला अॅल्युमिनियम आणि दुसरीकडे 'तात्पुरता' स्टीलचा, हे तात्पुरतं वर्षभर टिकतं आणि मग सुकाणू का ओढतं म्हणून विचारणा होते. दोन मशीनमध्ये पन्नास-शंभर फेऱ्यांचा फरक सोडून द्या. दोनशेच्या पुढे गेला तर केबल आणि पेट्रोल बघा. तिथे काही सापडलं नाही तर दोन्ही पंखे अदलाबदल करा. फरक पंख्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर एक पंखा मापाला खोटा आहे. दुरुस्त केलेल्या पंख्याची पिच छापलेल्या आकड्याइतकी राहिलेली नसते, हे फार जणांना सुचत नाही.

ही अदलाबदल फक्त दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरणारे असतील तरच. मोठ्या जोडीत, ११५ पासून पुढे, एक मशीन उजव्या फिरतीचं आणि एक डाव्या फिरतीचं घेता येतं. मागून पाहिलं तर उजव्या बाजूचा पंखा घड्याळाच्या दिशेने आणि डाव्या बाजूचा उलट फिरतो, आणि दोघांची ओढ एकमेकांना मारून टाकते. ६० च्या जोडीत बहुधा दोन्ही उजव्या फिरतीचीच असतात. तिथे सुकाणू थोडं ओढणारच, ते प्लेटखालच्या छोट्या फिनने (ट्रिम टॅबने) जुळवून घ्यावं. उजव्या फिरतीच्या साध्या गिअरकेसवर डाव्या फिरतीचा पंखा लावून मशीन रिव्हर्समध्ये टाकून पुढे जायचा उद्योग कोणी सुचवला तर ऐकू नका. रिव्हर्सचा गिअर त्या ओझ्यासाठी बनलेला नसतो.

एक मशीन बंद पडून दुसऱ्यावर परतायची वेळ आली तर जोडीसाठी निवडलेला पंखा त्या एकट्याला भारी पडतो. बंद मशीन पाण्याबाहेर उचला आणि अर्ध्या थ्रॉटलवर या. घाई करून चांगलं मशीन पूर्ण थ्रॉटलवर रेटू नका.

अॅल्युमिनियम की स्टील

स्टेनलेस स्टीलचं पातं पातळ असतं आणि ओझ्याखाली वाकत नाही, त्यामुळे पकड चांगली आणि वेग थोडा जास्त. पण किंमत कितीतरी पट, आणि खडकाला लागलं तर धक्का आत गिअरपर्यंत पोहोचण्याची भीती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक आणि देवबागच्या संगमावर दर पावसाळ्यात जागा बदलणारी वाळू यांच्यात रोज फिरणाऱ्या बोटीला मी अॅल्युमिनियमच सुचवतो. ते स्वतः वाकतं, गिअर वाचतात, आणि दुसरा पंखा परवडतो. पिच नक्की ठरेपर्यंत तर स्टीलचा विचारही करू नये. आधी मित्राकडून, विक्रेत्याकडून, कुणाकडूनही अॅल्युमिनियमचा उसना आणून मापं ठरवा.

पंखा बसवताना शाफ्टवर सागरी ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या हंगामात तो हातोड्यानेही निघणार नाही. पंख्याच्या पुढची जाड थ्रस्ट वॉशर जुन्या पंख्याला चिकटून काढली जाते आणि कचऱ्यात जाते. ती न घालता नट आवळला तर पंखा गिअरकेसला घासतो. वॉशर नव्या पंख्याच्या हबशी जुळणारीच असावी. पंखा दर महिन्याला एकदा काढा. मागे तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेला सापडतोच, आणि तो शाफ्टचं सील कापतो. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं आहे, मग आधी सील बदला.

उतरवलेले जुने पंखे विकू नका. त्यांतले जे नव्या मशीनला बसतात आणि ज्यांचं हब शाबूत आहे, ते जादा नट, कॉटर पिना, थ्रस्ट वॉशर आणि पान्यासह बोटीत ठेवा. भारी पडले तरी अर्ध्या थ्रॉटलवर जेटीपर्यंत आणतात.